तीन गाईंच्या गोठ्यात पाणी नक्की कुठं मुरतंय

तुमचा प्रश्न असा की तीन संकरित गाई आहेत, वैरणीपुरती थोडी जमीन आहे, घरातले सगळे सकाळ-संध्याकाळ राबतात तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही, तर छोट्या दूध उत्पादकाच्या खऱ्या अडचणी कोणत्या, आणि कर्ज काढून चौथी गाय घ्यावी का. मी जनावरांचा डॉक्टर, नोकरीचा सगळा काळ दोन गाई, चार गाई अशा गोठ्यांमधेच गेला, त्यामुळे उत्तर थोडं लांब होणार आहे. चौथ्या गाईचं शेवटी बोलतो, कारण आधीचं वाचल्याशिवाय ते पटणार नाही.

दुधाला दर नाही आणि पेंड महाग, हे कोणीही सांगेल आणि ते खरंही आहे. दूध धंद्यात एकूण खर्चाचा 60 ते 70 टक्के भाग खाद्यावर जातो, त्यामुळे पेंडीचं पोतं महागलं आणि दुधाचा दर आहे तिथंच राहिला की छोटा माणूस लगेच खाली येतो. पण दर तुमच्या हातात नाही, पेंडीचा भावही नाही. मला इतक्या वर्षांत जे सारखं दिसलं ते वेगळं आहे. छोट्या गोठ्यात सगळ्यात मोठं नुकसान असं होतं की ज्याचं बिल कधीच येत नाही. पेंडीचं बिल येतं, डॉक्टरचं बिल येतं, म्हणून आपण त्यावर चिडतो. गाय चार महिने उगाच रिकामी उभी राहिली त्याचं बिल कोण देणार, ते कुठं लिहिलेलंच नसतं.

पैशात नको, लिटरमधे हिशोब करू, म्हणजे कुठल्याही दराला लागू पडेल. समजा तुमची गाय एका वेतात 300 दिवस दूध देते आणि सरासरी 10 लिटर, म्हणजे 3000 लिटर. ती 13 महिन्यांनी परत व्याली तर हे 3000 लिटर 395 दिवसांवर पसरले, रोजचे साडेसात लिटरच्या वर पडले. तीच गाय 18 महिन्यांनी व्याली तर दिवस झाले साधारण 540. आता तुम्ही म्हणाल उशिरा गाभण राहिली तर दूध जास्त दिवस काढतोच की, बरोबर, धरा अजून 60 दिवस 4 लिटरने, म्हणजे 240 लिटर वाढले. 3240 भागिले 540, रोजचे 6 लिटर. म्हणजे गाय तीच, खाणारं तोंड तेच, शेण काढणारे हात तेच आणि रोज दीड लिटरच्या वर दूध गायब. तीन गाईंचं मिळून पाच लिटरच्या आसपास, रोज, वर्षभर. वासरं कमी झाली ते वेगळंच, नऊ वर्षांत आठ वेतं व्हायची ती सहावर येतात. चौथी गाय घेऊन जे दूध मिळवायचंय त्यातलं बरंचसं तुमच्या आहे त्या तीन गाईंतच अडकलेलं असू शकतं.

म्हणून पहिली अडचण मी भाकड दिवसांची धरतो, आणि ती नुसती गर्भाशयाची अडचण नाही, ती खाण्यापासून सुरू होते. कसं ते बघा. गाय आटली की दूध बंद, उत्पन्न बंद, मग घरातला माणूस साहजिकच तिची पेंड बंद करतो आणि चांगली वैरण दुभत्या गाईला घालतो. हातात पैसा कमी असेल तर कोणीही असंच करेल, यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण पोटातल्या वासराची निम्म्याहून जास्त वाढ याच शेवटच्या दोन महिन्यांत होते आणि कासही याच काळात पुढच्या वेतासाठी तयार होत असते. अशी गाय बारीक होऊन विते. व्याल्यावर दूध सहा ते आठ आठवड्यांत सगळ्यात वरच्या टप्प्याला जातं पण तिची भूक त्याच्या महिनाभर मागं असते, म्हणजे या काळात ती अंगावरचं मांस-चरबी झिजवून दूध देते. अंगावरच काही नसेल तर शरीर सगळ्यात आधी कशाला कात्री लावतं, तर माजाला. मग तीन महिने झाले, चार महिने झाले, गाय माजावर येत नाही म्हणून मला फोन येतो आणि मागणी असते इंजेक्शनची. इंजेक्शनने उपाशी गाय गाभण राहत नाही हो. सहा महिन्यांपूर्वी वाचवलेली पेंड आता दामदुप्पट वसूल होत असते.

त्यामुळे व्यायच्या आधी 60 दिवस दूध पूर्ण बंद करा, आणि त्या 60 दिवसांत वैरणीबरोबर दीड-दोन किलो खुराक चालूच ठेवा. गाईच्या मागच्या तीन-चार फासळ्या लांबून मोजता येत असतील तर ती बारीक आहे. एक गोष्ट मात्र उलटी करायची. व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजायच्या नाहीत. लोक प्रेमाने पाजतात, पण त्याने हाडातलं कॅल्शियम बाहेर काढायची शरीराची सवय सुस्त पडते आणि व्याल्याबरोबर एकदम गरज लागली की गाय बसते, तोच मिल्क फिवर. तिसऱ्या वेताच्या पुढच्या, जास्त दुधाच्या गाईत हा धोका जास्त. कान थंड, मान एका बाजूला वळलेली, व्याल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर बोलवा, कॅल्शियम शिरेतून हळूहळू द्यावं लागतं आणि ते घरी करायचं काम नाही.

आता माज ओळखणं. मोठ्या गोठ्यात गाई मोकळ्या असतात, एकीवर दुसरी उडते, लांबूनही कळतं. तुमच्याकडं तीन गाई, त्याही दावणीला बांधलेल्या, उडणार कोण आणि कोणावर. त्यात माजाचा खरा जोर बऱ्याचदा रात्री आणि पहाटे असतो, टिकतो 12 ते 18 तास, उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणजे रात्री दहाला सुरू होऊन तुम्ही दुपारी निवांत बघेपर्यंत संपलेला. एका गोठ्यात मला सांगितलं गेलं की ही गाय चार महिने माजच दाखवत नाही. शेपूट उचलून बघितलं तर शेपटीच्या केसांना वाळलेला चकचकीत बळस, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, चिकटलेला आणि त्याच्यावर बारीक रक्ताचा डाग. म्हणजे माज दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता, कोणी बघितला नव्हता इतकंच. असं रक्त दिसलं तर त्या दिवशी गाय भरवून, म्हणजे रेतन करून उपयोग नाही, पण ती तारीख फार कामाची आहे, तिथून 18-19 दिवसांनी पुढचा माज यायला पाहिजे, तेव्हा डोळ्यात तेल घालून बघायचं.

बघायचं म्हणजे पहाटे धारा काढायच्या आधी दहा मिनिटं आणि रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं, हातात दुसरं कुठलंही काम न घेता. गाय बसलेली असताना मागं काचेसारखा स्वच्छ, तुटत नाही असा बळस पडलेला दिसतो. दूध अचानक थोडं कमी, हंबरणं, सारखं उठ-बस, योनी सुजलेली. जमलं तर दिवसातून तासभर तिन्ही गाई मोकळ्या सोडा, कुंपणातल्या जागेत सोडल्या तरी चालेल, मुका वाटणारा माज तिथं बोलका होतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कृत्रिम रेतन करणारा माणूस आला की तोंड दुसरीकडं करून उभं राहू नका, बघा तो कांडी कशी वापरतोय. वीर्यकांडी द्रव नत्रात (लिक्विड नायट्रोजनमधे) उणे 196 अंशाला असते, ती 37 अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून मग लगेच वापरायची असते. कोणी ती हातात चोळून किंवा खिशात ठेवून गरम करत असेल तर सरळ थांबवा, तुमचे 21 दिवस वाया जाणारेत, त्याचे नाही. आणि गाय उलटली नाही, म्हणजे परत माजावर आली नाही, म्हणून गाभण राहिली असं धरून बसू नका. दोन महिने झाले की तपासून घ्या. सहा महिने गाभण म्हणून सांभाळलेली गाय रिकामी निघते तेव्हा त्या घरातल्या माणसांचे चेहरे बघवत नाहीत.

वार न पडणं हे पण इथंच सांगतो कारण त्याचाही शेवट भाकड दिवसांतच होतो. 12 तास झाले, वार लटकलीय, म्हणून हात घालून ओढणं किंवा तिला वजन बांधणं, दोन्ही करू नका. आत जखमा होतात, गर्भाशयात पू होतो आणि मग गाय पुढं किती महिने उलटत राहते याला धरबंध नाही. गाईला ताप आहे का, खाते का, घाण वास येतोय का ते बघा आणि तेवढं डॉक्टरला सांगा.

दुसरी मोठी अडचण वैरणीची आणि इथं एक गैरसमज घरोघरी असतो. माणूस सांगतो की मी गाईला पोटभर हिरवं घालतो, रोज 30 किलो. बरं, हिरव्या वैरणीत 80 टक्क्यांच्या वर पाणीच असतं. 30 किलोत कोरडा भाग निघतो साडेपाच किलोच्या आसपास. 400 किलोच्या दुभत्या गाईला वजनाच्या तीन टक्के धरले तर कोरड्या हिशोबाने 12 किलो लागतं. म्हणजे पोट फुगलंय, गव्हाण भरलेली दिसतेय, आणि गाय अर्धी उपाशी. उरलेलं कडबा, भुसा, मुरघास (हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा) आणि खुराक यातून यायला हवं. खुराकाचा ढोबळ हिशोब असा की शरीर चालवायला दीड किलो आणि गाईच्या दर लिटर दुधामागं 400 ग्रॅम, म्हणजे 10 लिटरला साधारण साडेपाच किलो, तेही दोन-तीन वेळा विभागून. एकदम ओतलं तर पोटात आम्ल वाढतं, शेण पातळ होतं, रवंथ कमी होतो आणि दुधाची फॅट पडते. फॅट पडली की लोक अजून पेंड वाढवतात आणि तिथंच घसरतात, कारण फॅट मुख्यतः चाऱ्यातल्या तंतूमय भागातून बनते, तिथं कडबा वाढवायला पाहिजे. एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, कमी लागत असेल तर मात्र बहुतेक वेळा गाईला ऊर्जा कमी पडतेय असं समजा.

टंचाईचे महिने दरवर्षी येतात आणि दरवर्षी आपण त्या महिन्यातच वैरण शोधायला निघतो, तेव्हा भाव चढलेले असतात. ज्या वेळी वैरण मुबलक आणि स्वस्त असते त्या वेळी छोट्या माणसाच्या हातात रोकड नसते, खरी मेख ही आहे. म्हणून मी तीन गाईवाल्याला मोठ्या खड्ड्याचा मुरघास सुचवत नाही, बॅगेतला सुचवतो, आठवड्याला एक बॅग भरली तरी चालते. मका चिकात असताना, म्हणजे दाणा दाबला की घट्ट दुधाळ गर निघतो तेव्हा कापायचा, दोन-तीन सेंटीमीटरची कुट्टी, थरथर दाबून हवा काढायची, तोंड घट्ट बांधायचं आणि 45 दिवस हात लावायचा नाही. उंदीर आणि कावळे बॅगेला भोक पाडतात, एवढं एकच भोक सगळा माल नासवतं, तेव्हा रोज बघून लगेच चिकटपट्टी लावा. मका परवडत नसेल तर निकृष्ट भुशावर युरिया प्रक्रिया, 100 किलो भुसा, 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून 21 दिवस हवाबंद झाकायचं. ते पाणी जनावराच्या तोंडाला लागता कामा नये, विषबाधा होते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा चारा द्यायचा नाही. बुरशी आलेली पेंड किंवा वैरण "गाईला काय होतंय" म्हणून घालू नका, बुरशीचं विष अफलाटॉक्सिन दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात.

पाणी हा इतका स्वस्त उपाय आहे की लोकांचा विश्वासच बसत नाही. दुधात 87 टक्के पाणी. 10 लिटरची गाय दिवसाला 50-60 लिटर पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. आपण दोनदा बादली दाखवतो आणि संपलं. चोवीस तास तिच्या तोंडासमोर स्वच्छ पाणी ठेवा, काही दिवसांत दुधात फरक दिसतो, बाकी काही न बदलता. आणि रोज 50 ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण.

कासदाह, म्हणजे मस्टायटिस. सड सुजला, गाठी आल्या, रक्त आलं की सगळ्यांना कळतं, तो प्रकार त्यातला लहान भाग आहे. मोठा भाग दिसत नाही, दूध पांढरंशुभ्र, कास मऊ, आणि तरी आतून जंतूंनी दुधाच्या पेशी खाल्लेल्या असतात, दूध दर वेळी थोडं थोडं कमी. सीएमटी नावाची साधी चाचणी असते, चार खणांच्या ताटलीत चारही सडांचं थोडं थोडं दूध घ्यायचं, तेवढंच औषध टाकायचं आणि गोल हलवायचं, ज्या खणात दूध घट्ट, चिकट, जेलीसारखं झालं तो सड आजारी. महिन्यातून एकदा केलं तरी पुष्कळ. रोजचं काम म्हणजे पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काळ्या भांड्यात काढून बघायच्या, कास कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसायची, दर गाईला वेगळं फडकं, धार झाली की सड औषधात बुडवायचे. गाय पान्हावल्यावर पान्ह्याचा जोर पाच-सात मिनिटंच असतो, तेवढ्यात पूर्ण धार काढा, मधे फोन घेऊ नका. आणि वैरण धार काढल्यानंतर टाका. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, गाय खात उभी राहिली तर तेवढ्या वेळात मिटतं, लगेच शेणात बसली तर जंतू सरळ आत. आजारी गाय असेल तर तिची धार सगळ्यात शेवटी. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगेल तितके दिवस ते दूध विकायचं नाही. मला माहीतेय हे सांगणं सोपं आणि करणं जड, तीनातल्या एका गाईचं दूध ओतायचं म्हणजे पोटावर पाय येतो, पण प्रतिजैविकाचं दूध लहान मुलापर्यंत जातं, यात मी सूट देऊ शकत नाही.

हाच तीनातल्या एकाचा प्रश्न रोगांचा पण आहे. शंभर गाईंच्या गोठ्यात एक गाय गेली तर एक टक्का गेला, तुमची एक गेली तर तिसरा हिस्सा गेला आणि हप्ता मात्र पूर्ण राहिला. म्हणून लसीकरण छोट्याला मोठ्यापेक्षा जास्त गरजेचं, आणि नेमका छोटाच मागं राहतो कारण लस टोचली की दोन दिवस दूध घटतं. लाळ्या खुरकूत दर सहा महिन्यांनी. त्यातून वाचलेली गाय सुद्धा बऱ्याचदा कायमची धापणारी, उन्हं सहन न होणारी होऊन बसते, दोन दिवसांचं दूध त्याच्यापुढं काहीच नाही. ब्रुसेलाची, म्हणजे गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची लस कालवडीला 4 ते 8 महिन्यांच्या वयात एकदाच. लम्पी पहिल्यांदा झांबियात 1929 मधे दिसला आणि कित्येक दशकं आफ्रिकेतच होता, दक्षिण आशियात तो 2019 ला पोचला. चावणारे कीटक आणि गोचीड तो पसरवतात, म्हणजे गोठ्यातलं शेणमूत आणि भिंतीच्या फटी साफ ठेवणं हे सुद्धा औषधच आहे. गोचीड नुसती गाईवरून काढून भागत नाही, तिची अंडी फटीत असतात. लसीने रोग मुळासकट जाऊ शकतो हे बुळकांडी या गुरांच्या जुन्या जीवघेण्या साथीने दाखवलंय, 2011 मधे तो जगातून संपल्याचं जाहीर झालं, एकेकाळी त्याने देशच्या देश गुरांविना केले होते.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात, संकरित गाईला 27-28 अंशाच्या वर त्रास सुरू होतो, दमट हवेत त्याच्याही आधी. ती खाणं कमी करते, माज दाखवत नाही, दाखवला तरी गर्भ टिकत नाही. सावली, मोकळी हवा, दुपारी अंगावर पाणी आणि वारा, वैरण पहाटे आणि रात्री. पत्र्याचा ठेंगणा गोठा असेल तर दुपारी गाय झाडाखाली बांधणं केव्हाही बरं.

वासरांबद्दल मला मनापासून तळमळ आहे. आजची कालवड म्हणजे तुमची तीन वर्षांनंतरची गाय, आणि तिलाच सगळ्यात आधी उपाशी ठेवलं जातं कारण प्रत्येक लिटर विकायचं असतं. जन्मल्यावर वजनाच्या दहा टक्के चीक, म्हणजे 25-30 किलोच्या वासराला अडीच-तीन लिटर, त्यातला पहिला भाग पहिल्या तासा-दोन तासातच, दोन वेळात विभागून दिला तरी चालेल. वार पडायची वाट बघत थांबायचं नाही. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषायची आतड्याची ताकद तासातासाला कमी होते आणि 24 तासांत संपते, नंतर कितीही पाजा. नीट वाढलेली कालवड दोन-अडीच वर्षांत विते, उपाशी वाढलेली साडेतीन-चार वर्षं घेते, म्हणजे दीड वर्ष फुकट खाणं आणि परत तेच, बिल न येणारं नुकसान. जुळ्यात खोंडाबरोबर जन्मलेली कालवड मात्र दहातल्या नऊ वेळा वांझ निघते, तिच्यावर खर्च करण्याआधी तपासून घ्या.

आता बाजार, कारण ते टाळलं तर उत्तर अर्धवट राहील. दूध ही अशी वस्तू आहे की उद्यापर्यंत थांबता येत नाही. कास सोडली की दूध 37-38 अंशाला असतं, त्यात जंतू काही तासांत कित्येक पट होतात, थंड करायची सोय तुमच्याकडं नाही, म्हणून जो पहिला घेणारा त्याचा दर आणि त्याचंच मशीन. त्यात अडचणीला उचल घेतलेली असली की तोंडच बंद. यावर एकट्याने करण्यासारखं कमी आहे पण काहीच नाही असं नाही. रोजची पावती मागा, स्वतःच्या वहीत लिटर, फॅट, एसएनएफ लिहा. दूध खालपासून नीट ढवळूनच नमुना द्या, कारण सुरुवातीची धार पातळ आणि शेवटच्या धारेत फॅट जास्त असते, न ढवळलेल्या किटलीत वरून घेतलेला आणि तळातून घेतलेला नमुना एक नसतो. फॅटवर दर देणं हेच मुळात शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून पुढं आलं, अमेरिकेत विस्कॉन्सिनला बॅबकॉकने 1890 मधे सोपी फॅट चाचणी काढली तेव्हा पाणी घालणारा आणि चांगलं दूध आणणारा यांच्यातला फरक पैशात मोजता आला. तपासणी तुमच्यासमोर झाली पाहिजे एवढा आग्रह धरणं तुमचा हक्क आहे.

खरा फरक एकत्र येण्याने पडतो. डेन्मार्कमधे येडिंग (Hjedding) नावाच्या खेड्यात 1882 ला छोट्या शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली, गुजरातेत आणंदला 1946 मधे खेडा जिल्ह्याचा संघ उभा राहिला, दोन्हीकडं माणसं दोन-चार गाईम्हशींचीच होती. तुम्हाला एवढं मोठं लगेच जमणार नाही, पण दहा-पंधरा घरांनी मिळून एक छोटा कूलर, एकत्र पेंड खरेदी, एकत्र कुट्टी मशीन, इथून सुरुवात होऊ शकते. पहिल्याच दिवशी हिशोब सगळ्यांसमोर वाचायची पद्धत पाडा. असे गट दुधाने कमी आणि लपवलेल्या हिशोबाने जास्त मोडतात.

आणि घरातल्या बायकांचं काम. शेण, पाणी, वासरं, बऱ्याच घरात धारा सुद्धा त्याच काढतात, गाय माजावर आलेली पहिल्यांदा त्यांनाच कळते. पण प्रशिक्षणाला पुरुष येतो, दुधाचे पैसे पुरुषाच्या खात्यावर आणि डॉक्टर पण पुरुषाशीच बोलतो. मी गोठ्यात गेलो की आधी धारा कोण काढतं ते विचारतो आणि त्यांच्याशी बोलतो, निम्मं निदान तिथंच होतं. तुमच्याकडं जी व्यक्ती रोज गाईजवळ असते तिच्याच हातात वही द्या आणि निर्णयातही तिचा शब्द धरा.

वहीत फार काही नको. प्रत्येक गाईचं एक पान, व्याल्याची तारीख, माजाच्या तारखा, भरवल्याची तारीख, गाभण तपासणी, आणि आठवड्यातून एक दिवस मोजलेलं दूध. सहा महिन्यांत तुम्हाला स्वतःलाच दिसेल कुठली गाय तुम्हाला पोसतेय आणि कुठल्या गाईला तुम्ही पोसताय.

तर चौथी गाय. आत्ता घेऊ नका. तुमच्या तिन्ही गाईंच्या मागच्या दोन वेतांमधलं अंतर आधी काढा. 14 महिन्यांच्या आत असेल, टंचाईतली वैरण साठवलेली असेल आणि घरात काम करायला हात असतील तर मग विचार करा. अंतर 17-18 महिने येत असेल तर कर्जाच्या पैशाने चौथी गाय आणून तुम्ही चौथी भाकड गाय पोसणार आहात. अशा वेळी उलट एखादी, जी दोन वर्षं गाभणच राहत नाही किंवा जिचे दोन सड गेलेत, ती काढून दोनच गाई नीट खाऊ घालणं जास्त शहाणपणाचं ठरतं, मी बऱ्याच घरांना हे सांगितलंय आणि ज्यांनी ऐकलं त्यांचं एकूण दूध वर्षभरात फारसं कमी झालेलं नाही, पेंड मात्र कमी लागली.

पुढं कधी घ्यायची वेळ आलीच तर सगळ्यात जास्त दुधाच्या जातीच्या मागं धावू नका. 25 लिटरची गाय 25 लिटरचं खाणं, सावली आणि डॉक्टर मागते. तुमच्या वैरणीवर आणि उन्हावर तग धरेल अशी मध्यम दुधाची, दुसऱ्या वेताची बघा. सलग तीन धारा स्वतः उभं राहून काढून घ्या, पहिली धार धरायचीच नाही कारण ती तुंबवलेली असू शकते. चारही सडांची सीएमटी, ब्रुसेलाची रक्ततपासणी आणि गाभण म्हणून विकत असतील तर डॉक्टरकडून खात्री, हे पैसे द्यायच्या आधी. घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्या गाईंपासून लांब बांधा, तिचं पाणी, बादली, वैरण वेगळी आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा.